कच्च्या रेखाटनाचे पैसे

रात्रीचं चित्र आहे. मुलगी दारात उभी, आपल्याकडे तोंड करून, उजव्या हातात कंदील. चित्र रंगवून, स्कॅन करून संपादकाकडे गेलं आणि दोन दिवसांनी निरोप आला : ‘छान झालंय. फक्त कंदील डाव्या हातात दाखवता येईल का? पुढच्या पानावर ती उजव्या हाताने कडी काढते.’ मागणी रास्त आहे, संपादकाने चूक बरोबर पकडली आहे. पण या चित्रात उजेड देणारी वस्तू एकच, तो कंदील. तो एका हातातून दुसऱ्या हातात गेला की चेहऱ्याची उजळ बाजू बदलते, नाकाची सावली दुसऱ्या गालावर जाते, फ्रॉकच्या चुण्या उलट बाजूने उजळाव्या लागतात, चौकटीची सावली दुसऱ्या दिशेला पडते. भिंतीवर कंदिलाच्या उजेडाचा जो फिकट पट्टा होता, त्यातच मजकुराच्या सहा ओळी बसवल्या होत्या. पट्टा हलला आणि काळी अक्षरं गडद निळ्यावर आली.

अक्षरं पांढरी करून टाकू, असं इथे कुणीतरी सुचवतंच. चार रंगांच्या छपाईत प्रत्येक शाईची वेगळी प्लेट असते आणि काळा मजकूर फक्त काळ्या प्लेटवर ठेवतात. पुस्तक उद्या दुसऱ्या भाषेत निघालं तर तेवढी एकच प्लेट बदलायची, बाकीच्या तीन तशाच चालतात. पांढरी अक्षरं म्हणजे चारही प्लेटमध्ये अक्षरांच्या आकाराच्या मोकळ्या जागा. मग प्रत्येक भाषेला चारही प्लेट नव्या, आणि छापताना एखादी प्लेट केसभर जरी सरकली तरी बारीक अक्षरांच्या कडांना रंगाची झालर. आणि ती भिंत थॅलो ब्लू या गडद निळ्या रंगाने रंगवलेली असेल तर विषयच संपला. हा रंग कागदात मुरतो, ओल्या ब्रशने उचलून निघत नाही. घासत राहिलं तर कागदावरचा सरसाचा थर निघून जातो आणि पुढचा रंग तिथे टिपकागदावर पडावा तसा डाग धरतो. म्हणजे नवा कागद, नवं चित्र. डिजिटल काम असलं तरी फार फरक पडत नाही. कंदिलाचा लेअर उचलून पलीकडे ठेवता येतो. उजेड मात्र एका लेअरवर नसतो, तो सगळ्या लेअरवर पसरलेला असतो.

बदलाची किंमत त्याच्या आकारावरून ठरत नाही. तो कामाच्या कुठल्या टप्प्यावर आला, यावरून ठरते. हाच कंदील पेन्सिलच्या रफमध्ये, म्हणजे कच्च्या रेखाटनात, दहा मिनिटांत हलला असता. तरीही इलस्ट्रेशनच्या व्यवहारात पैसे ठरतात ते फायनल चित्राचे. रफ हे फायनलच्या पोटात धरलेलं, बहुतेक वेळा फुकट मागितलेलं काम असतं. ज्या टप्प्याचे पैसे नसतात तो टप्पा दोन्ही बाजू उरकून टाकतात : चित्रकार घाईत काढतो, संपादक मोबाइलवर वरवर पाहून ‘चालेल’ म्हणतो. मग खरं वाचन होतं ते रंगलेल्या चित्रावर, जिथे हात घालणं सगळ्यात महाग. म्हणून मला असं ठामपणे वाटतं, की चित्रं करून घेणाऱ्या प्रत्येकाने, मग तो प्रकाशक असो, मासिक असो, पाठ्यपुस्तकं काढणारी संस्था असो किंवा सरकारी खातं, रफचा मोबदला स्वतंत्र ठरवावा, तो आधी द्यावा आणि रफ पसंत पडलं नाही तरी परत मागू नये.

रफ म्हणजे चित्राची अर्धवट आवृत्ती, असा गैरसमज फार पसरलेला आहे. प्रत्यक्षात रफमध्ये चित्र ठरतं आणि फायनलमध्ये ते पार पाडलं जातं. बत्तीस पानी चित्रपुस्तक घ्या. पानं बत्तीसच का, तर छापील कागद घडी घालून सोळा-सोळा पानांचे फॉर्म तयार होतात आणि दोन फॉर्म मिळून बत्तीस होतात. त्यातून शीर्षकाचं पान, हक्कांच्या माहितीचं पान वगैरे वजा केलं की कथेला बारा ते चौदा जोडपानं, म्हणजे समोरासमोरच्या पानांच्या जोड्या, उरतात. पहिलं काम म्हणजे एकाच कागदावर बत्तीस छोटे चौकोन आखून कथा कुठे तुटते ते बघायचं. पान उलटण्याआधी वाचकाला काय माहीत असावं आणि उलटल्यावर काय दिसावं, हा निर्णय या चौकोनांत होतो. लेखकाच्या मजकुरातलं एखादं वाक्य पुढच्या पानावर ढकलावं लागतं, एखादं चित्रात आलंय म्हणून गाळावं असं सुचवावं लागतं. हे संपादनाचं काम आहे आणि ते चित्रकार करतो.

मग थंबनेल. एका जोडपानासाठी पाच-सहा सेंटिमीटर रुंदीची दहा-पंधरा रेखाटनं. एवढ्या लहान चौकोनात डोळे-नाक बसतच नाहीत, म्हणूनच ते लहान ठेवायचे. दिसतात फक्त गडद-फिकट ठोकळे, आणि नजर कुठून शिरते, कुठे थांबते ते. त्यातली बहुतेक फेकून द्यायची असतात. ती फेकून देणं हेही कामच आहे. दहावं रेखाटन चांगलं निघालं म्हणून आधीची नऊ वाया गेली असं होत नाही, त्या नऊंशिवाय दहावं सुचत नाही.

त्यानंतर संदर्भ आणि पात्रं. पात्राचा तक्ता करायचा : समोरून, बाजूने, मागून, चार-पाच भाव, आणि दारापुढे, खुर्चीपुढे, दुसऱ्या पात्रापुढे उंची किती ते. हा तक्ता टाळला की ठरलेल्या चुका होतात. खिसा तिसऱ्या पानावर डावीकडे आणि नवव्या पानावर उजवीकडे, दप्तर खांदा बदलतं, खोलीची खिडकी भिंत बदलते. मुलांच्या नजरेतून यातलं काही सुटत नाही. खोलीचा साधा आराखडा वरून पाहिल्यासारखा काढून ठेवला तर निम्म्या चुका जागीच थांबतात. हा आराखडा पुस्तकात कधीच छापला जात नाही.

मग येतं छपाईच्या मापात काढलेलं खरं रफ. इथे मधल्या घडीचा विचार लागतो. चिकटवून बांधलेलं पुस्तक पूर्ण उघडत नाही, म्हणून घडीच्या दोन्ही बाजूंना सेंटिमीटरभर जागेत चेहरा, हात किंवा अक्षर ठेवायचं नाही. कडेला तीन मिलिमीटर ब्लीड, कापणीत जाणारं. मजकूर खऱ्या टाइपात, खऱ्या पॉइंट साइजमध्ये बसवून बघायचा, नुसता ‘मजकूर इथे’ असा चौकोन काढून भागत नाही, कारण ओळी नेहमी अंदाजापेक्षा जास्त जागा खातात. भाषांतर होणार असेल तर आणखी मोकळीक ठेवायची.

मध्यम गुंतागुंतीच्या, हाताने रंगवलेल्या एका जोडपानाचा हिशेब साधारण असा लागतो. थंबनेल आणि संदर्भ पाच तास, रफ सहा, रफमधल्या दुरुस्त्या तीन, रेषा उतरवून रंगवणं तेरा, स्कॅन आणि सफाई तीन. एकूण तीस. त्यातले चौदा तास रंगाची ट्यूब उघडण्याआधी खर्च झालेले असतात. अशी बारा जोडपानं म्हणजे ३६० तास. आठवड्याला चाळीस तास काम करणाऱ्याचे खरोखर चित्रावर जाणारे तास पंचवीसच्या पुढे सहसा जात नाहीत, कारण ई-मेल, बिलं, करार वाचणं, फायली पाठवणं, राहिलेल्या पैशांची आठवण करून देणं हे सगळं उरलेल्या वेळात बसवावं लागतं. म्हणजे साडेचौदा आठवडे, तेही दुसरं कुठलंच काम न घेता. हे आकडे कामागणिक बदलतील. ज्याला आपले आकडे माहीत नाहीत त्याने तीन महिने पंधरा-पंधरा मिनिटांची नोंद ठेवावी, टप्पा लिहून. वाटाघाटीला बसताना याहून उपयोगी कागद हातात नसतो.

जुन्या तंत्रात उशिरा आलेल्या दुरुस्तीची किंमत सगळ्यांना डोळ्यांनी दिसत असे. एकोणिसाव्या शतकात चित्रं बॉक्सवुडच्या ठोकळ्यावर कोरून छापत. कोरून झाल्यावर एखादा चेहरा बदलायचा तर तेवढी जागा छिद्र पाडून काढायची, तिथे लाकडाची खुंटी घट्ट बसवायची, सपाट करायची आणि पुन्हा कोरायची. लुईस कॅरलच्या ‘अ‍ॅलिस’ची चित्रं जॉन टेनिएलने काढली, कोरली डॅल्झिएल बंधूंनी. १८६५ मध्ये पहिली आवृत्ती छापून आली तेव्हा छपाई टेनिएलला पसंत पडली नाही आणि त्याच्या आक्षेपावरून कॅरलने २,००० प्रतींची ती आवृत्ती मागे घेऊन पुस्तक पुन्हा छापून घेतलं. नुकसान झालं, पण चित्रकाराचा आक्षेप हा व्यवहाराचा भाग मानला गेला. आज दुरुस्ती करताना लाकूड फोडावं लागत नाही, म्हणून ती फुकट आहे असं वाटतं. ‘अनडू’च्या बटणाने हा समज पक्का केला आहे. ते बटण चित्रकाराच्या हाताची चूक मागे घेतं. मंजूर झालेला निर्णय मागे घ्यायला त्याचा उपयोग नाही.

फायनलच्या टप्प्यावर जे बिघडतं त्याचंही मूळ पुष्कळदा रफमध्ये सापडतं. पडद्यावर झळाळणारा नारिंगी आणि पोपटी रंग सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या चार शाईंत, मळकट होतो, कारण तो रंग या चार शाईंतून निघतच नाही. रंगांचं छोटं रफ आधीच छपाईच्या प्रोफाइलमध्ये, म्हणजे छापल्यावर रंग कसे दिसतील ते पडद्यावर दाखवणाऱ्या सेटिंगमध्ये, बघितलं असेल तर चित्रकार त्या रंगावर अख्खं दृश्य उभं करत नाही. कोटिंग नसलेला कागद शाई शोषतो, ठिपके पसरतात, गडद भाग भरून येतात. रात्रीची चित्रं अशा कागदावर पडद्यापेक्षा बरीच काळोखी छापली जातात, म्हणून गडद छटा मुद्दाम एक पायरी फिकट ठेवाव्या लागतात. पण त्यासाठी कागद कुठला हे रंगवण्याआधी कळायला हवं, आणि ते सांगायचं काम प्रकाशकाचं आहे. माप उशिरा बदललं तर काय होतं तेही बघा. ए-फोर आकाराचं पान ब्लीडसकट २१६ बाय ३०३ मिलिमीटर, ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) २,५५१ बाय ३,५७९ पिक्सेल. त्याच चित्रातून नंतर ए-थ्री पोस्टर मागितलं की रिझोल्यूशन दोनशेच्या जवळपास येतं आणि बारीक रेषा मऊ पडतात.

स्कॅनिंगचं एक सांगून टाकतो, कारण यात नवखे हमखास फसतात. मोठं चित्र दोन भागांत स्कॅन करताना दुसऱ्या भागासाठी कागद उलटा फिरवायचा मोह होतो. स्कॅनरचा दिवा एकाच बाजूने प्रकाश टाकतो, त्यामुळे कागदाच्या पोताच्या बारीक सावल्या दुसऱ्या भागात उलट दिशेने येतात आणि जोड कितीही नीट मिळवला तरी आकाश मधोमध दुभंगलेलं दिसतं. कागद फिरवायचा नाही, सरकवायचा.

आता विरुद्ध बाजू. प्रकाशक विचारतो : रफ मला पटलंच नाही, तर पैसे कशाचे? उत्तर असं, की तुमच्या कथेचं वाचन, पानांची विभागणी आणि दहा वाटा तपासून त्यातली एक पुढे करणं, या कामाचे. न पटलेल्या रफमुळेच आपल्याला काय नको आहे ते संपादकाला कळतं. शिवाय चित्रकाराचं आधीचं काम बघून त्याला निवडण्याची जबाबदारी काम देणाऱ्याची आहे. ती टाळून पाच जणांकडून त्याच कथेची फुकट ‘चाचणी चित्रं’ मागवायची आणि एकाला काम द्यायचं, हा प्रकार मला सरळ अन्यायाचा वाटतो. चार जणांचे अकरा-अकरा तास त्यात जातात. नमुना हवाच असेल तर एका माणसाकडून, पैसे देऊन मागवावा.

छोट्या प्रकाशकाकडे पैसे कमी असतात, हा आक्षेप जास्त वजनाचा आहे. पण रफचे पैसे म्हणजे जादा पैसे, असं म्हणणं नाही. रक्कम तीच राहिली तरी तिचे तुकडे पाडता येतात. एक तृतीयांश करारावर सह्या होताना, एक तृतीयांश रफ मंजूर झाल्यावर, उरलेले फायनल फायली हातात पडल्यावर. बजेट खरंच लहान असेल तर चित्रांची संख्या कमी करावी, काही पानं दोन रंगांत करावीत, पार्श्वभूमी कोरी ठेवावी. कोऱ्या पार्श्वभूमीवरची उत्तम चित्रपुस्तकं काही कमी नाहीत. बजेट लहान म्हणून दुरुस्त्या अमर्याद, हे मात्र कुठल्याच हिशेबात बसत नाही.

तिसरा आक्षेप नवा आहे. मशीन मिनिटाभरात पन्नास चित्रं देतं, मग माणसाच्या कच्च्या रेखाटनाला पैसे का मोजायचे? हल्ली ब्रीफसोबत, म्हणजे कामाच्या सूचनांसोबत, अशी तयार झालेली प्रतिमा येते आणि खाली लिहिलेलं असतं, ‘असंच हवं’. त्यात बरेचदा उजेड दोन दिशांनी येत असतो, खोलीला आराखडा नसतो आणि तीच मुलगी पुढच्या पानावर कशी दिसेल याचा पत्ता नसतो. गुळगुळीत पृष्ठभाग स्वस्त झाला आहे हे खरं. त्यामुळे पानामागून पान टिकणारा निर्णय उलट जास्त मोलाचा झाला, आणि तो घेतला जातो रफमध्ये. फायनलचेच पैसे मोजण्याची जुनी पद्धत या काळात तर अधिकच उलटी आहे.

चित्रकारांचाही यात वाटा आहे, तो झाकून चालणार नाही. काम हातचं जाईल या भीतीने रफ इतकं सजवून पाठवलं जातं, की समोरच्याला ते फायनलच वाटतं. मग तो केसांच्या रंगावर बोलतो आणि पानाच्या रचनेवर बोलायचं राहून जातं. रफ एकाच रंगात असावं, रेषा मोकळ्या असाव्यात, प्रत्येक पानावर ‘रफ १’, ‘रफ २’ आणि तारीख असावी. सोबत चार ओळींत लिहावं : या टप्प्यावर कशावर मत हवं आहे, आणि यानंतर काय बदलता येणार नाही. ‘उजेड कंदिलाचा, उजवा हात, मजकूर उजळ भिंतीवर’ एवढी एक ओळ लिहिलेली असती तर पुढच्या पानावरची कडी संपादकाला तिथेच आठवली असती.

संपादकाच्या बाजूनेही शिस्त लागते. मतं एकाच माणसाने, एकत्र करून, एकदाच पाठवावीत. लेखक, मार्केटिंग आणि संपादक यांची तीन वेगवेगळी पत्रं आली की त्यातली दोन एकमेकांना छेदतात आणि निवाडा चित्रकारावर येतो. अडचण सांगावी, उपाय चित्रकारावर सोडावा. ‘भुवया वर करा’ म्हटलं तर भुवया वर होतील. ‘ती घाबरलेली वाटत नाही’ म्हटलं तर कदाचित दार मोठं होईल, मुलगी लहान होईल आणि भुवयांना हातही लावावा लागणार नाही.

या व्यवहारात ‘मानधन’ हा शब्द फार सैल वापरला जातो, त्याने नुकसान झालं आहे. मान राखायला दिलेली रक्कम कितीही असू शकते आणि केव्हाही दिली जाऊ शकते. कामाचा असतो तो मोबदला. तो ठरलेला असतो, त्याचं बिल होतं, त्याला तारीख असते. करारात हाच शब्द असावा. पुढे हेही असावं : रफमध्ये दुरुस्तीच्या दोन फेऱ्या, फायनलमध्ये किरकोळ दुरुस्तीची एक, त्यापुढे तासाचा दर. मंजूर रफच्या विरुद्ध जाणारा बदल म्हणजे दुरुस्ती नव्हे, नवं काम. चित्रकाराने मंजूर रफ सोडून काही वेगळंच रंगवलं तर ती दुरुस्ती मात्र त्याने विनामोबदला करून द्यावी. काम रफआधी थांबलं तर पहिला हप्ता चित्रकाराकडे राहावा, रफ मंजूर झाल्यावर थांबलं तर पहिले दोन, फायनलनंतर थांबलं तर पूर्ण रक्कम. वापर कशासाठी, किती काळ आणि कुठल्या भाषांत, हे लिहावं. पोस्टर, पिशव्या, अ‍ॅनिमेशन यांचा वेगळा करार. न वापरलेली रफ चित्रकाराची, मूळ चित्रंही त्याचीच.

चित्रकाराचं नाव छापणं ही मेहेरबानी नाही. लेखक-कलाकारांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय बर्न करार १८८६ चा, आणि १९२८ मध्ये रोमला त्यात जोडलेल्या कलमाने, आर्थिक हक्क विकून टाकले तरी कृतीचा कर्ता म्हणवून घेण्याचा आणि आपल्या प्रतिष्ठेला बाधा येईल अशा मोडतोडीला हरकत घेण्याचा हक्क निर्मात्याकडे राहतो, हे मान्य केलं. म्हणून नाव मुखपृष्ठावर असावं, चित्र आडवं उलटवून किंवा त्यातला अर्धा भाग कापून वापरण्याआधी विचारलं जावं.

शेवटचा हप्ता पुस्तक प्रकाशित होण्याशी बांधू नये. प्रकाशन कागदाच्या भावामुळे, लेखकाच्या विलंबामुळे, कधी निव्वळ मन बदलल्यामुळे वर्षभर पुढे जातं, आणि यातलं काहीच चित्रकाराच्या हातात नसतं. फायली तपासून घेतल्यापासून तीस दिवस, असं करारात आकड्यात आणि अक्षरात लिहावं.